खाडीत कयाकवरून गळ टाकताना: आधी सुकती बघा, मग मासा

कयाकवरून मासेमारीचे परदेशी व्हिडिओ बघून सुरुवात करणाऱ्याला पहिली धास्ती बसते ती थंड पाण्याची. नॉर्वे किंवा कॅनडात ती रास्तच आहे, त्याबद्दल पुढे येईलच. पण ठाण्याच्या खाडीत जानेवारीतही पाणी साधारण २२ ते २५ अंशांच्या घरात असतं. त्यात पडून कुणाचा श्वास अडकत नाही. इथे माणूस अडकतो सुकतीत, म्हणजे ओहोटीत, आणि तिच्यामागोमाग उघड्या पडणाऱ्या चिखलात. थंडीचा नंबर त्यानंतरचा, ओल्या कपड्यांत चार तास बसून राहावं लागलं की. म्हणून तयारी पंचांगापासून करायची.

कोळीवाड्यात अजून चालणारा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, शिवाय मुंबई बंदरातली भरती कळव्याच्या बाजूला पोचायला आणखी वेळ घेते. त्यामुळे नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. तिथीचा हिशेब हवा तो तक्ता वाचताना चूक झाली तर ती लगेच खटकावी म्हणून. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास लागतात.

आता हे पहाटेच्या फेरीला लावून बघू. पंचमीला भरती पावणेचारला होऊन गेलेली असते. सहाला धक्क्यावर पोचलात तर पायऱ्यांना अजून पाणी लागलेलं दिसतं, कयाक सहज उतरते आणि सगळं ठीक वाटतं. दहाला परत येता तेव्हा धक्का आणि तुमच्यामध्ये शंभर-दीडशे मीटर चिखल पसरलेला असतो. हाच घोळ सर्वात जास्त होतो, कारण उतरताना काहीच चुकीचं दिसत नाही. उलट दोन्ही पक्षांतल्या एकादशी ते त्रयोदशीला पाणी सकाळी चढतं असतं. सहाला उतरायचं, चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, नऊच्या आसपास पाणी थांबलं की वळायचं आणि दहाच्या आत धक्क्याला लागायचं. पौर्णिमा-अमावास्येला पहाटे सहाला तर खाडी सुकलेलीच असते, तेव्हा झोप काढून नऊला निघालेलं बरं.

पाणी सारख्या वेगाने उतरत नाही हे ध्यानात ठेवा. सहा तासांत बारा भाग उतरतात असं धरलं, तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक ४.२ मीटर असेल, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी तासाला मीटरभर खाली जातं. भरतीनंतर पहिले दीड-दोन तास 'अजून खूप पाणी आहे' असं वाटतं आणि पुढच्या तासाभरात तळ दिसायला लागतो. भांगेच्या दिवशी, म्हणजे अष्टमीच्या आसपास, फरक याच्या निम्म्यावर येतो. नवख्याने सुरुवात भांगेलाच करावी. पण पहाटेच उतरायचं असेल तर भांगेच्या तिथीला पाणी उतरायला लागलेलं असतं, म्हणून त्या दिवशी धक्क्यापासून दूर जायचं नाही आणि दीड तासात परत यायचं.

प्रवाहाचंही गणित एकदा करून बघा. सामान लादलेली मासेमारीची कयाक बहुतेक लोक ताशी ४ किलोमीटरने वल्हवतात. ओहोटीचा ओढा ताशी ३ किलोमीटर असेल तर त्याच्याबरोबर २ किलोमीटर जायला १७ मिनिटं लागतात आणि तेच अंतर उलट यायला दोन तास. म्हणून फेरीच्या मध्यावर पाणी वळणार नसेल तर पहिला अर्धा भाग नेहमी ओढ्याच्या विरुद्ध. दमलात तरी पाणी तुम्हाला घराकडे आणतं. वाऱ्याचंही तेच. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो आणि नवी मुंबईच्या किनाऱ्यावरून कयाक पलीकडे ढकलतो. अकरानंतर वायव्येचा खारा वारा सुरू होतो. चढत्या भरतीला तो समोरून भिडला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशा वेळी कयाकचं टोक लाटेकडे ठेवायचं, आडवं पडायचं नाही.

कुठे उतरायचं हे ठरवताना दोन गोष्टी. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान पश्चिमेकडचा पट्टा २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात आहे (२०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आला). वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे शिरायचं नाही, गळ तर टाकायचाच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे धक्का. दिवाळे असो, सारसोळे असो की घोडबंदरकडचं नागला बंदर, धक्का तिथल्या कोळी-आगरी मंडळींचा आहे. जाळं शिवत बसलेल्या माणसाला विचारा, "काका, पाणी किती वाजता उतरेल? जाळी कुठे लावलीत?" दोन मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही ॲपवर मिळत नाही. खुंटाला लावलेली डोल जाळी ओढ्यात तोंड उघडून उभी असते. कयाक वरच्या बाजूने तिच्यावर गेली तर दोर वल्ह्यात अडकून ती आडवी होते आणि पाणी आत दाबतं. खुंट दिसले की वळसा घाला, आणि तोही त्यांच्या खालच्या अंगाने.

पुलाच्या खांबांजवळ जिताडा आणि तांब मिळतात, म्हणून मोह होतो. खांबाला कयाक बांधायची नाही. खांबावर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. हवेची कयाक किंवा हवेचं लाइफ जॅकेट तिथे न्यायचंच नाही. ओढ्याने कयाक आडवी खांबावर दाबली गेली तर माणूस घाबरून खांबापासून दूर, म्हणजे पाण्याच्या येणाऱ्या बाजूला झुकतो. तिथेच ती उलटते. झुकायचं खांबाकडे, हात त्यावर टेकवायचा आणि इंच-इंच सरकत एका टोकाने सुटायचं. हातमोजे घातलेले असतील तरच हे जमतं.

चिखलात अडकलात तर

कयाक टेकली की बहुतेक लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे उतरून ढकलणं. तेवढं मात्र करायचं नाही. खाडीचा गाळ गुडघ्यापर्यंत सहज जातो, काही ठिकाणी मांडीपर्यंत. एक पाय काढायला जोर लावला की सगळं वजन दुसऱ्या पायावर जातं आणि तो आणखी खोल रुततो. कयाकवर बसून राहिलात तर मात्र तुम्ही बुडत नाही, रुतत नाही आणि दिसत राहता. टेकल्यावर पहिल्या पाच मिनिटांत वल्हं चिखलात रोवून मागे रेटा, जिथून आलात त्याच वाटेने. नाही हललं तर थांबा. फोन करून कळवा, टोपी घाला, पाणी जपून प्या. पाणी परत येईपर्यंत थांबण्याची तयारी हवी, सहा-सात तासांची, भरतीनंतर लवकर टेकलात तर त्याहूनही जास्त. माणशी तीन लिटर पाणी त्यासाठीच न्यायचं.

पाय आधीच रुतला असेल तर अंग मागे टाका, कयाकवर किंवा सरळ चिखलावर पाठ टेका. वजन पसरलं की पायावरचा दाब कमी होतो. मग सरळ वर खेचायचं नाही. पंजा खाली वळवून टाच आधी सोडवायची, घोटा डावी-उजवीकडे हलवत राहायचा, म्हणजे पायाच्या बाजूने पाणी आत झिरपतं आणि चिखलाची पकड सुटते. बूट निघून गेला तर जाऊ द्या. घोट्याला पट्टा असलेले सँडल वापरा. गमबूट चिखलात रबरी वाटीसारखे चिकटतात आणि पडलात तर पाण्याने भरतात.

उलटल्यावर परत बसणं

हे कोरड्यावर वाचून येत नाही. परवानगी असलेल्या पोहण्याच्या तलावात, छातीएवढ्या पाण्यात, सोबत कुणी असताना किमान दहा वेळा करून बघा, त्यातले पाच वेळा तरी लाइफ जॅकेट, टोपी आणि मासेमारीचे कपडे अंगावर ठेवून.

वरून उघडी असलेली कयाक उलटली की आधी वल्हं पकडा, मग कयाक. रॉडचा विचार नंतर. कयाकच्या मध्यावर या, तळावरून पलीकडे हात टाकून पलीकडचं हँडल किंवा पाणी निघायच्या भोकाची कड पकडा, गुडघे अलीकडच्या कडेला टेकवा आणि मागे झुका. ती सरळ होते. आता कडेला लटकून चढायचा प्रयत्न केलात तर ती पुन्हा अंगावर येणार. त्याऐवजी दोन्ही हात सीटच्या जागेवर ठेवा, पाय पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत वर आणून जोरात मारा आणि पोटावर आडवे आत सरका. बेंबी कयाकच्या मध्यरेषेवर आली की थांबा, एक श्वास घ्या. मग कुशीवर वळून कुल्ला सीटमध्ये टाका आणि पाय शेवटी आत घ्या. लोक पाय आधी आत घेतात म्हणून पुन्हा पडतात.

यात रॉड, जाळी, बर्फाची पेटी यांचे दोर आड येतात. सगळ्याला दोर बांधायची हौस कमी करा. वल्ह्याला एक आणि महागड्या रॉडला एक, बस. लाइफ जॅकेटच्या छातीवर हात पोचेल असा बोथट टोकाचा छोटा सुरा आणि शिट्टी हवीच. जॅकेट फोमचं, पोहता येणाऱ्यासाठी किमान ५० न्यूटन तरंगशक्तीचं, पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं. आणि चेन पूर्ण लावलेलं. खांद्याला धरून कुणीतरी वर ओढल्यावर ते हनुवटीपर्यंत सरकलं तर माप चुकलंय.

नांगर हा दुसरा घोळ. कयाकला दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो, पण दोर कधीही बाजूला, मध्यावर बांधायचा नाही. ओढा कड खाली खेचतो आणि क्षणात उलटता. टोकालाच बांधायचा, तोही एका झटक्यात सुटेल अशा गाठीने, शेवटाला लाल बोया लावून. गाळात नांगर इतका घट्ट बसतो की तो उपटायच्या नादात लोक पडतात. एकदा ओढून नाही आला तर बोयासकट सोडा, पाणी थांबल्यावर येऊन काढा. ओढा जोरात असताना, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात, नांगर टाकूच नका.

गारवा

पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढतं. म्हणून २३ अंशांच्या पाण्यातही भिजून, डिसेंबरच्या पहाटवाऱ्यात दोन तास बसलेला माणूस कुडकुडतो. जीव जात नाही, पण बोटं बधिर होतात, गाठ सुटत नाही, 'अजून अर्धा तास टाकू' असे निर्णय व्हायला लागतात. सुती टी-शर्ट आणि जीन्स घरी ठेवा. अंगाला पॉलिस्टरचा घट्ट शर्ट, वर वारा अडवणारं पातळ जर्किन, आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत कोरडा जोड. कुडकुड सुरू झाली की फेरी संपली असं समजा.

सुट्टीत काश्मीरच्या तळ्यावर किंवा परदेशात जाऊन गळ टाकणार असाल तर मात्र खाडीतली सवय उपयोगाची नाही. १५ अंशांखालच्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात आत खेचला जातो, तोंड पाण्यात असेल तर पाणीच आत जातं. तेव्हा पोहायचं नाही, फक्त तोंड वर ठेवून श्वास ताब्यात येऊ द्यायचा. अतिथंड पाण्यात त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, कयाकवर चढायचं ते तेवढ्यातच. शुद्ध हरपायला तासाभराचा अवधी असतो, पण तो लाइफ जॅकेट घातलेल्यालाच मिळतो. कपडे पाण्याच्या तापमानाप्रमाणे घालायचे, उन्हाप्रमाणे नाही: वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख), आणि पाणी १० अंशांच्या आसपास असेल तर ड्रायसूट (पाणी आत येऊच न देणारा). गारठलेल्या माणसाला आडवं ठेवा, ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा, पूर्ण शुद्धीत असेल तर कोमट गोड चहा द्या. हातपाय चोळायचे नाहीत आणि दारू तर अजिबात नाही.

थर्मास खाडीतही न्या, त्याचं इथे दुसरंच काम आहे. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली की विषाने भयंकर ठणका लागतो. सोसवेल इतक्या गरम, ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात जखम अर्धा ते दीड तास बुडवून ठेवली की वेदना उतरते. पाणी आधी दुसऱ्या, न लागलेल्या हाताने तपासा, कारण लागलेल्या हाताला चटका कळत नाही. मग दवाखाना. काटा आत मोडला असेल तर, आणि पाकटाचा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर उपटू नका. खाडीचं पाणी सांडपाण्याचं आहे. साधा ओरखडाही साबणाने धुवा आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना खाडीत गेल्याचं सांगा, म्हणजे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) विचार होईल.

निघण्याआधी घरच्या एकाला मेसेज, या नमुन्याचा: "दिवाळे धक्का, सकाळी ६.१०. केशरी कयाक, दोघं. उत्तरेला पाम बीचच्या बाजूने. भरती ९.०५. दहापर्यंत परत. अकरापर्यंत फोन आला नाही तर ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ लाव." फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, पण जॅकेटच्या खिशात, कयाकच्या डब्यात नाही, उलटल्यावर कयाक एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे असू शकता. आणि धक्क्याला लागल्यावर मासे मोजायच्या आधी "आलो" एवढं टाका, नाहीतर अकराला विनाकारण बोट निघेल.