अभ्यासक्रम रचायला शिकताना: पाचवीचे अपूर्णांक आणि वीस तासिका

अभ्यासक्रम रचण्याच्या कामात नव्याने येणारे बहुतेक जण आधी आशयाची यादी करायला बसतात. कोणते मुद्दे घ्यायचे, कोणत्या क्रमाने, कोणती चित्रे लावायची. यादी वाढत जाते आणि शेवटी प्रश्न उरतो की एवढे सगळे शिकवायला वेळ कुठे आहे. म्हणून आमचे सांगणे असे, की आशय सर्वांत शेवटी ठरवा. त्याआधी तीन गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत: हाताशी असलेला वेळ, घटक संपल्यावर मुलाला काय करता आले पाहिजे, आणि ते करता येते हे कशावरून ओळखायचे.

संपूर्ण अभ्यासक्रम लिहिण्याचे काम नवख्याच्या वाट्याला सहसा येत नाही. राष्ट्रीय आराखडा वरून येतो (२००५ चा, मग पायाभूत स्तराचा २०२२ मध्ये आणि शालेय शिक्षणाचा २०२३ मध्ये), राज्याचा अभ्यासक्रम त्याखाली बसतो, पाठ्यपुस्तके त्यावरून तयार होतात. तुमच्याकडे येतो एखादा घटक. इथे पाचवीच्या गणितातला अपूर्णांकांचा घटक घेऊ, कारण रचनेतल्या चुका त्यात फार लवकर उघड्या पडतात.

आधी वेळ मोजा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास हवेत. सहावी ते आठवीसाठी हेच आकडे २२० आणि १००० आहेत. गणिताला रोज ४० मिनिटांची एक तासिका धरली तर वर्षाच्या २०० होतात. चाचण्या, स्नेहसंमेलन, इतर कार्यक्रम यांत ४० जातील असे धरून १६० वर हिशेब करा. अपूर्णांकांना २० दिल्या म्हणजे वर्षाचा आठवा भाग दिला. हा आकडा लिहून भिंतीवर लावावा, कारण पुढे समितीतला प्रत्येक जण ‘एवढे तर हवेच’ म्हणत काहीतरी घालायला येतो.

मग निष्पत्ती, म्हणजे घटक संपल्यावर मुलाला काय करता आले पाहिजे ते. एका घटकाला चार ते सहा पुरेत. ‘अपूर्णांकाची संकल्पना समजेल’ ही निष्पत्ती नव्हे, कारण समजले की नाही हे कोणालाच दिसत नाही. नीट लिहिलेल्या निष्पत्तीत तीन गोष्टी असतात: मूल काय करेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती चांगले. उदाहरणार्थ, ‘अंश समान असलेल्या दोन अपूर्णांकांपैकी मोठा कोणता ते सांगेल आणि त्याचे कारण चित्राने किंवा शब्दांत देईल; पाचपैकी किमान चार जोड्यांत.’ अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या १९५६ च्या वर्गीकरणावरून काढलेल्या क्रियापदांच्या याद्या सगळीकडे फिरतात. त्यांतून ‘विश्लेषण करेल’ उचलायचे आणि चाचणीत मात्र व्याख्या विचारायची, हा सर्रास आढळणारा दोष आहे. क्रियापद निवडताना तेच क्रियापद प्रश्नपत्रिकेत कसे दिसेल, हे लगेच शेजारी लिहून पाहावे.

इथेच पुरावा ठरतो, आणि आमच्या मते सर्वांत जास्त मेहनत इथे घ्यावी. अपूर्णांकांत मुले कुठे अडतात हे बऱ्यापैकी माहीत आहे. ४ हा ३ पेक्षा मोठा, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा. २/५ आणि १/५ यांची बेरीज ३/१०. आकृतीचे चार असमान भाग असले तरी एक रंगवलेला म्हणजे १/४. प्रश्न असे हवेत की हे गैरसमज असतील तर उत्तर चुकलेच पाहिजे. ‘३/८ आणि ३/५ यांत मोठा कोणता?’ हा चांगला प्रश्न आहे. ‘२/७ आणि ५/७ यांत मोठा कोणता?’ हा तुलनेत कमकुवत, कारण नुसते अंश पाहूनही उत्तर बरोबर येते. २० गुणांच्या चाचणीचा संविधान तक्ता याच टप्प्यावर करा: कोणत्या निष्पत्तीला किती गुण, त्यांपैकी किती कारण सांगण्यासाठी. ‘कारण द्या’ला एकही गुण नसेल, तर वर्गात कारणे कोणी विचारणार नाही.

मूल्यमापन आणि उद्दिष्टे एकाच दिशेने असावी लागतात, याचा आपल्याकडचा मोठा धडा म्हणजे मध्य प्रदेशातला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेल्या त्या कामात मुलांनी प्रयोग करून विज्ञान शिकायचे होते. म्हणून परीक्षाही बदलली. पुस्तक आणि वही उघडून लिहायची परवानगी होती, प्रात्यक्षिक होते, शिक्षकांची प्रशिक्षणे होती. एक बाजू बदलून दुसरी तशीच ठेवली असती, तर प्रयोगांच्या जागी प्रयोगांची उत्तरे पाठ होऊ लागली असती.

क्रम लावण्यासाठी प्रत्येक निष्पत्ती वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि प्रत्येकीला विचारा: हे येण्याआधी काय यावेच लागते? अपूर्णांकांत उत्तर साधारण असे निघते. समान वाटणी, मग एकक अपूर्णांक (१/२, १/३, १/४), मग त्यांच्या पटी, म्हणजे ३/४ हे १/४ तीन वेळा. पटी समजल्या की ५/४ आपोआप येतो. मग संख्यारेषा, सममूल्य अपूर्णांक, तुलना, आणि शेवटी समच्छेद बेरीज-वजाबाकी. संख्यारेषा पुष्कळदा वेळेअभावी गाळली जाते. ती गाळू नये. फक्त रंगवलेले भाग पाहिलेल्या मुलाला अपूर्णांक म्हणजे चित्रातला तुकडा वाटतो; ती एक संख्या आहे आणि तिला २ आणि ३ यांच्यामध्येही जागा आहे, हे त्याला पटत नाही. पुढे दशांश अपूर्णांकांत तेच मूल अडते.

पूर्वज्ञानाचा विचार करताना घराकडे पाहावे. पाव किलो, अर्धा लिटर, पाऊण तास, सव्वा, दीड, अडीच हे मराठी मुलाच्या कानावर शाळेआधीच आलेले असते. आठ-दहा प्रश्नांच्या पूर्वचाचणीत दोन प्रश्न यावर ठेवा. वेळ आणि मापन हे घटक त्याच वर्षात कुठे आहेत हेही पाहा. ते अपूर्णांकांनंतर लगेच आले तर सराव फुकट मिळतो.

आता वाटप. पूर्वचाचणी व उजळणी २, समान वाटणी व एकक अपूर्णांक ३, पटी व पूर्णापेक्षा मोठे अपूर्णांक २, संख्यारेषा ३, सममूल्य ३, तुलना २, बेरीज-वजाबाकी २, घटक चाचणी १, राखीव २. एकूण २०. राखीव तासिका शेवटी ठेवल्या तर त्या कधीच वापरात येत नाहीत. आधीच्या उशिरात विरघळून जातात. एक संख्यारेषेनंतर आणि एक सममूल्यानंतर ठेवा. मुले सर्वाधिक मागे पडतात ती हीच ठिकाणे.

साहित्याबाबत एक तपशील. वर्तुळाचे तीन किंवा पाच समान भाग मुलांना हाताने करता येत नाहीत. कागदी पट्टी घ्यावी. २४ सेंटिमीटरच्या पट्टीचे २, ३, ४, ६, ८ आणि १२ भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात, पण पाच भाग केले तर प्रत्येक ४.८ सेंमी येतो. मग पंचमांशासाठी ३० सेंटिमीटरची वेगळी पट्टी दिली जाते आणि घोळ सुरू होतो. २४ ची एक-चतुर्थांश आणि ३० ची एक-पंचमांश, दोन्ही ६ सेंटिमीटरच. मूल म्हणते, दोन्ही सारखे. तुलनेसाठी ‘पूर्ण’, म्हणजे भाग पाडण्याआधीची अखंड पट्टी, सारखेच हवे, हे शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत ठळक लिहा आणि तुलनेच्या तासिकांत एकाच लांबीच्या पट्ट्या द्या.

हस्तपुस्तिका लिहिताना वर्ग कोणता आहे हे विसरू नका. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा द्विशिक्षकी आहेत. तिथे एक शिक्षक एकाच वेळी दोन किंवा अधिक इयत्ता सांभाळतो, त्यामुळे ४० मिनिटांच्या तासिकेत पाचवीच्या वाट्याला शिक्षकाची थेट १५ ते २० मिनिटेच येतात. प्रत्येक तासिकेत मुलांनी जोडीने किंवा गटात स्वतः करायचे काम असलेच पाहिजे, आणि त्याच्या सूचना मुलांना वाचून कळतील एवढ्या सोप्या हव्यात. ही अट सुरुवातीला घातली नाही, तर छान दिसणारी योजना फक्त शहरातल्या एका इयत्तेच्या वर्गात चालते. शिक्षकाची तयारीही मोजा. दहा मिनिटांहून जास्त कात्रणे लागणारा उपक्रम रोज होत नाही.

वापरून पाहणे दोन टप्प्यांत करा. आधी फक्त प्रश्न, पाच-सहा मुलांसोबत, त्यांना मोठ्याने बोलत सोडवायला सांगून. भाषेमुळे अडलेला प्रश्न आणि गणितामुळे अडलेला प्रश्न इथे वेगळे कळतात. मग दोन-तीन वेगळ्या प्रकारच्या शाळांत पूर्ण घटक. निरीक्षकाने शिकवण्याचे कौतुक किंवा दोष लिहू नयेत. कोणत्या मिनिटाला काय झाले आणि वह्यांत काय आले एवढेच नोंदवावे. वेळ पुरला नाही तर पहिली कात्री उपक्रमांच्या संख्येवर चालवा. निष्पत्ती सर्वांत शेवटी कापायची, आणि ती कापली तर चाचणीतला तिचा प्रश्नही त्याच दिवशी काढायचा.

या क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्याने बी.एड. किंवा शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवीसोबत असा एक पूर्ण घटक दाखवायला ठेवावा: निष्पत्ती, संविधान तक्ता, तासिका वाटप, दोन तासिकांचे तपशील आणि वापरून पाहिल्यावर काय बदलले त्याची नोंद. शेवटची नोंद बहुतेक जण ठेवत नाहीत. कोणता उपक्रम का काढला, कोणता प्रश्न कशासाठी बदलला, हे तारखेसह लिहिलेले नसेल, तर पुढच्या वर्षी समितीत नवी माणसे येतात आणि काढलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा आत येते.