ट्रायल रूममध्ये रंग ठरवू नका

आपल्याला शोभणारे कपडे निवडायचे तर कपाट रिकामं करणं, ढीग लावणं, पडून राहिलेलं काढून टाकणं हे तुम्हाला माहीत असतंच. मी बोलणार आहे ते उजेडाबद्दल, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे तिथेच बुडाले आणि त्याची चुटपुट अजून गेलेली नाही.

ट्रायल रूमचे दिवे पुष्कळदा पिवळट असतात. त्या उजेडात डाळिंबी, विटकरी असले रंग चेहऱ्यावर तेज आणतात. तोच शर्ट सकाळी खिडकीपाशी घातला की तोंड उतरलेलं! वर आणखी एक भानगड: दोन कापडं दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि उन्हात नेल्यावर त्यातलं एक हिरवट निघतं, कारण दोन्हींत रंगद्रव्यं वेगळी असतात. फोनवर तर मुळीच विसंबू नका. उजेडाचा रंग कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने दुरुस्त करतो. गळ्याशी मोठं नारिंगी कापड धरलंत की चेहरा निळसर करून मोकळा होऊ शकतो. मग तोच फोटो शोभणारे रंग सुचवणाऱ्या ॲपला द्यायचा. ते माणसांची ऋतूंच्या नावांनी वर्गवारी करतं आणि सांगणार, तुम्ही ‘शरद ऋतू’. ठेवा ते ॲप बाजूला.

दिवसा खिडकीसमोर बसा, पण थेट ऊन नको. घरातले दिवे बंद, चेहरा धुतलेला, केस मागे, अंगावर पांढरं काहीतरी. हनुवटीखाली एकेक कापड धरा आणि नजर कापडावर जाऊ देऊ नका. डोळ्यांखालची वर्तुळं, ओठांच्या कडा, जबड्याची रेघ बघा. न शोभणाऱ्या रंगात वर्तुळं गडद भासतात. पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचं काम पाहणाऱ्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली होती. रंगात खोट नव्हती, शेजारचे निळे-जांभळे धागे तो तसा दाखवत होते. १८३९ मध्ये त्याने त्यावर ग्रंथच काढला. चेहरासुद्धा कापडाशेजारचा एक रंगच असतो.

घाबरायचं कारण नाही. ‘मला हिरवा शोभत नाही’ म्हणणाऱ्याला एखादा शेवाळी छान खुलतो. किती गडद, किती भडक, यावर बरंच अवलंबून असतं.

रंगाचं झालं, आता मापाचं. शरीराची पेअर-ॲपल अशी फळवाली वर्गवारी मला निरर्थक वाटते. आधी खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर येते का ते बघा. कंबर आणि उंची शिंपी सहज करून देतो. खांदा आणि मुंढा (बाही जोडतात ती जागा) उसवून बसवणं म्हणजे अर्धा कपडा नव्याने शिवणं. घट्ट झालेलं सैल करायचं तर आत माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं सोडलेलं कापड, हवी; तयार कपड्यांत ती फारशी सोडत नाहीत. पोटरीच्या सर्वांत जाड जागी कपडा संपला की पाय आखूड दिसतात, दोन बोटं वर किंवा खाली घ्या. कापडाचा पोतही बघा: कडक सुतीत फुगून उभा राहणारा टॉप व्हिस्कोजमध्ये अंगालगत पडतो.

चांगला शिंपी मिळाला असेल तर स्टायलिस्टवर पैसे घालवू नका, हे माझं ठाम मत. तुम्ही शिवण दाखवा, जमेल की नाही ते तो तोंडावर सांगतो.

न शोभणाऱ्या रंगाची पँट मात्र टाकू नका, ती चेहऱ्यापासून लांब असते, खुशाल घाला. आणि उंची मोजायला जाताना रोजच्याच चपला घालून जा. टाचांवर मापलेली पँट सपाट चपलेवर जमीन झाडते.