रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका
जुनी गाडी तापली की आपल्याकडे हात आधी बोअरच्या पाण्याच्या बाटलीकडे जातो. ते पाणी जड असतं. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडी आणखीच तापते. त्यापेक्षा मार्चमध्येच घरी कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन गार ठेवणारं द्रव, बदला. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर उसळतं. रेडिएटरचा खालचा बोल्ट सोडून जुनं कूलंट टबात घ्या. तांबूस, गंजकट निघालं तर डिस्टिल्ड पाण्याने नितळ येईपर्यंत धुवा. मग बोल्ट परत घट्ट करून पाणी न मिसळलेलं (कॉन्सन्ट्रेट) कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणही बदलाच. काढलेलं कूलंट विषारी आणि चवीला गोडसर असतं, कुत्र्या-वासरांच्या तोंडी लागेल असं उघड्यावर ओतू नका.