फिरत्या पिंपात दाणे वेगळे कसे होतात: संगणकावर करून पाहा

लहान-मोठे दाणे एका पिंपात घालून फिरवले, तर ते मिसळण्याऐवजी वेगळे होतात. औषधाची भुकटी मिसळणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी. हा प्रकार घरच्या लॅपटॉपवर उभा करता येतो. कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडलेली डीईएम (डिस्क्रीट एलिमेंट मेथड) पद्धत त्यासाठी पुरते: प्रत्येक दाणा स्वतंत्र धरायचा, त्याच्यावरचे बल काढायचे आणि न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित पुढे सरकवायचे.

लॅम्प्स (LAMMPS) हे कणांच्या हालचालीचे गणित करणारे मोफत सॉफ्टवेअर आणि त्याचे दाण्यांसाठीचे ग्रॅन्युलर पॅकेज घ्या. पिंपाचा व्यास २० सेंमी ठेवा, लांबी मात्र २ सेंमीच. दोन्ही टोके पीरियॉडिक ठेवली की एका बाजूने बाहेर पडलेला दाणा दुसऱ्या बाजूने आत येतो. निम्मे पिंप भरायला ४ मिमीचे सुमारे २,८०० आणि २ मिमीचे सुमारे २२,५०० काचेचे मणी लागतील. व्यासात थोडी कमीजास्त ठेवा, नाहीतर मणी रचल्यासारखे ओळीने बसतात.

आता खरी मेख. काचेचा यंग मॉड्युलस, म्हणजे ताठरपणाचे माप, ७० गिगापास्कल आहे. तोच घातला तर वेळेचे पाऊल इतके बारीक घ्यावे लागते की गणित संपता संपत नाही. म्हणून तो १० मेगापास्कलवर आणा. मग १० मायक्रोसेकंदांचे पाऊल चालते. ही लबाडी खपते, पण मणी एकमेकांत व्यासाच्या एक टक्क्याहून जास्त घुसत नाहीत ना, हे पाहत राहा. घर्षणाचा गुणांक ०.५ धरून आधी नुसता ढीग पाडा. त्याचा उतार खऱ्या मण्यांच्या ढिगाशी जुळेपर्यंत आकडा बदला. हे टाळून पुढे गेलात, तर हाती फक्त देखणे चित्र लागेल.

मणी स्थिरावले की पिंप मिनिटाला ८ फेऱ्यांनी फिरवा. लॅम्प्सला फेऱ्या नव्हे, भिंतीचा वेग द्यावा लागतो: सेकंदाला ८.४ सेंमी. भिंतीचे घर्षण कमी पडले, तर अख्खा ढीग जागच्या जागी घसरत राहतो. एका फेरीला साडेसात लाख पावले लागतात, तेव्हा रात्रभर चालू ठेवा.

निकाल ओव्हिटो (OVITO) या कणांचे चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहा. वरच्या वाहत्या थरात लहान मणी मोठ्यांच्या फटींतून खाली झिरपतात आणि काही फेऱ्यांतच मधोमध त्यांचा गाभा तयार होतो. मग सगळे मणी एकाच मापाचे, पण दोन रंगांचे घेऊन पुन्हा चालवा. तेव्हा रंग मिसळले पाहिजेत. तरीही गाभा दिसला, तर इनपुट फाइल तपासा.