वाऱ्याने उपटलेला दाराचा कॅच

मोटरहोमचं (राहायची सोय असलेल्या गाडीचं) मागचं, राहत्या भागाचं दार उघडं ठेवायला बाहेरच्या भिंतीवर एक छोटा प्लास्टिकचा कॅच असतो. दारावर बोंड, भिंतीवर चिमटा. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, डरनेस ते बेटीहिल या पट्ट्यात, अटलांटिकवरून येणारा वारा या कॅचला फार दिवस टिकू देत नाही. आमचा एका झटक्यात गेला. हातात आला तेव्हा चिमटा शाबूत, चारही स्क्रू शाबूत. फक्त भिंतीला चार फाटकी भोकं. म्हणजे नवा कॅच आणून त्याच भोकांत पिळायचा, हा यजमानांचा बेत तिथेच बाद झाला. दुरुस्ती भिंतीची करायची होती.

आधी वाऱ्याचा हिशेब बघा. ताशी ३६ किलोमीटरचा वारा चौरस मीटरभर दारावर साधारण ६ किलोचा रेटा देतो. ताशी ७२ ला तो दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे २५ किलोच्या आसपास. आणि ही भिंत कसली, तर बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबर, मध्ये थर्माकोल, आतून प्लायवुड. स्क्रूमागे लाकडाची पट्टी असली तर नशीब. बऱ्याचदा ती नसते, किंवा असून ओलीने कुजलेली असते.

त्या दिवशी करायचं काम एकच: भोकं कोरडी पुसून त्यांवर चांगली चिकटपट्टी मारायची. पावसाचं पाणी आत शिरलं तर चार भोकांचं काम अख्ख्या भिंतीचं होऊन बसतं. गाडीला पाणी गळण्याची वॉरंटी चालू असेल तर तिचे कागद वाचल्याशिवाय पुढे काही करू नका.

मग दार बंद करून बघा. रबरात कागदाचा कपटा धरून दार लावा आणि कपटा ओढा, असं चारही बाजूंनी. एखाद्या कोपऱ्यात तो सहज सुटून आला तर दार किंवा वरची बिजागरी वाकली आहे. ते आधी सरळ करून घ्या, कॅच नंतर.

जुना सीलंट, म्हणजे पाणी आत शिरू नये म्हणून लावलेला चिकट थर, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ब्लेडने पत्र्यावर ओरखडे उठतात. उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर आणि ॲसिटोन लांब ठेवा, आत उतरले तर थर्माकोल विरघळवतात. आता भोकात बारीक तार घालून चाचपा. कडक लागलं तर लाकूड आहे, भसकन गेली तर थर्माकोल. ओल मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम: लाकडात १५ टक्क्यांच्या आत असेल तर निवांत, २० च्या वर असेल तर थांबा. आडोशाला, आत हीटर लावून, वाळेपर्यंत वाट बघायची. ओल्या भिंतीत भरलेलं काही धरत नाही.

भरायचं ते इपॉक्सीच, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणारा गोंद. इचलकरंजीला वडिलांच्या वर्कशॉपमध्ये वाढल्यामुळे माझा हात आपोआप लांबीच्या डब्याकडे जातो, गाडीचे पोचे भरतात तीच ती पुट्टी. पण ती पॉलिएस्टरची असते, आणि तिच्यातलं स्टायरिन थर्माकोल खाऊन टाकतं. वरून भोक बुजलेलं दिसतं, आत पोकळी.

एक खिळा काटकोनात वाकवून ड्रिलमध्ये धरा आणि हळू फिरवून पत्र्यामागचा थर्माकोल सेंटीमीटरभर गोल पोखरा. तोंड लहान, पोट मोठं असं झालं पाहिजे. भुगा ओढून घ्या. पहिल्यांदा पातळ इपॉक्सी सिरिंजने सोडून कडा भिजवा. मग त्यातच सिलिका पावडर किंवा लाकडाचा बारीक भुसा घालून चक्क्याच्या श्रीखंडासारखं घट्ट करा आणि तेही सिरिंजनेच भरा. एका दमात सगळं भरू नका, दोन वेळा करा. इपॉक्सी सुकताना तापते, मोठा गोळा असला तर थर्माकोल वितळवते. हातमोजे घाला. हवा १० अंशांच्या खाली असेल तर बहुतेक इपॉक्सी नीट धरत नाहीत, आणि स्कॉटलंडमध्ये हे वाक्य मे महिन्यातही लागू पडतं. पूर्ण एक दिवस हात लावू नका.

जागा ठरवताना जुन्या खुणांवर विसंबू नका, दार जरासं खाली उतरलेलं असू शकतं. भिंतीवर मास्किंग टेप लावा, दारावरच्या बोंडाला ओलं कुंकू लावा आणि दार मागे टेकवा. ठिपका उमटतो तिथे चिमट्याचा मध्य.

आता साधारण २.५ ते ३ मिलिमीटरचं भोक, त्याच्या तोंडाला किंचित उतार, म्हणजे सीलंटला बसायला जागा होते. स्क्रू स्टेनलेसचे, समुद्राकाठी फिरणार असाल तर ए४ दर्जाचे, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणारे. चिमट्याखाली मी ब्यूटिलची (मऊ, चिकट रबराची) पट्टी वापरते, पॉलियुरेथेनचा सीलंट नाही. तो इतका घट्ट धरतो की पुढच्या वेळी चिमट्याबरोबर रंगही निघतो. बाथरूमचं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर नकोच: ॲल्युमिनियमला खातं, आणि त्यावर पुन्हा काही चिकटत नाही. स्क्रू हातानेच आवळा. दुसऱ्या दिवशी आणखी पाव फेरा द्या, बाहेर आलेलं ब्यूटिल प्लास्टिकच्या पट्टीने कापा.

हे झालं कॅच उपटला गेला तेव्हाचं, म्हणजे अडकवलेलं दार वाऱ्याने मागून धरून मिटलं तर. उलटंही होतं: मोकळं दार वाऱ्याने फाडकन उघडून चिमट्याला भिंतीत दाबतं. मग पत्र्याला पोचा पडतो. तो ओढून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, पातळ पत्रा फाटतो. चिमट्यापेक्षा चांगली मोठी, ३ मिलिमीटर जाडीची एबीएस प्लास्टिकची पट्टी घ्या, कोपरे गोल करा आणि पोच्यावर चिकटवा. इथे मात्र पॉलियुरेथेनच हवा, कारण पट्टी निघायला नकोच आहे. चिमटा त्या पट्टीवर बसवा.

दुकानदार हमखास धातूचा, मजबूत कॅच दाखवेल. घेऊ नका. भिंत भक्कम झाली की पुढच्या वादळात काहीतरी तुटणारच, आणि ते प्लास्टिकचं बोंड तुटलेलं परवडतं. धातूचा कॅच बिजागरी किंवा दाराची चौकट घेऊन जाईल. म्हणून मी स्वस्तातला कॅचच बसवते आणि दोन जादा बोंडं चमच्यांच्या खणात ठेवते.

गाडी लावताना नाक वाऱ्याकडे करा. जोराचा वारा असेल तर दार अडकवण्याच्या फंदात न पडता ते हातात धरून उघडायचं, उतरायचं, लगेच लावायचं. मुलं असतील तर त्यांना कडी सोडू देऊ नका. दाराबरोबर पोरगंही ओढलं जातं.