छोटा हत्ती इथेनॉलवर पळवायचाय? मग स्पार्क प्लग घ्यायच्या आधी एवढं बघा

पहिलं म्हणजे टाकीत नक्की काय पडतंय ते बघा. पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल, आणि तेवढ्यासाठी वेगळा प्लग लागत नाही, कंपनीच्या पुस्तकात दिलाय तोच टाकायचा, दुकानदार 'इथेनॉल स्पेशल' म्हणून काहीतरी महागडं पुढं सरकवायला लागला की सरळ नाही म्हणायचं. डिझेलवाल्यांनी इथनंच परत फिरा, तुमच्या इंजिनात स्पार्क प्लगच नसतोय. ई85 किंवा ई100 वर गाडी ट्यून करून घेतली असेल तरच पुढचं डोकं लावा, आणि ते पण आधी ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि इंजेक्टरचं (इंधन फवारणाऱ्या नळीचं) काम झालेलं असेल तर, कारण एक किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा लागते आणि इथेनॉलला 9, म्हणजे इंधनच जास्त सोडावं लागतं, नुसता प्लग बदलून काय होणार ओ?

मग जुना प्लग काढा. इंजिन गार पाहिजे, आणि भोवतीची धूळ आधी हवेनं उडवून घ्या, एमआयडीसीच्या रोडवरची माती सिलेंडरमध्ये गेली की कामच वाढलं. प्लगवरचा नंबर लिहून घ्या. समजा एनजीकेचा बीकेआर6ई-11 आहे, तर त्यातला आर म्हणजे रेझिस्टर, 6 ही हीट रेंज (टोकाची उष्णता प्लग किती लवकर बाहेर टाकतो ते), ई म्हणजे थ्रेडची लांबी 19 एमएम, आणि 11 म्हणजे गॅप, ठिणगी उडते ती फट, 1.1 एमएम. लांबी चुकली तर प्लग पिस्टनला पण लागू शकतो, तिथं जुगाड नको. एनजीके आणि डेन्सोत नंबर वाढला की प्लग ठंडा, म्हणजे टोक गार ठेवणारा, बॉशमध्ये म्हणजे मिस्त्री लोकांच्या मायकोत बरोबर उलटं, हे पाठच करा.

ठंडा का घ्यायचा? इथेनॉल नॉकिंगला (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकतं ते) दाद देत नाही पण लालबुंद टोक मिळालं की स्पार्कच्या आधीच पेटतं. कॉम्प्रेशन वाढवलंय, मे महिन्यातलं ऊन आहे, मागं चादरीच्या गाठी भरून तुळजापूरचा घाट चढायचाय, अशा गाडीला एक नंबर ठंडा घ्या. दोन नको. टोक 450-500 डिग्रीच्या खाली राहिलं की काजळी जळत नाही, आणि इथेनॉलची गाडी जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या थंडीत पहाटे आधीच रुसती.

रंग बघून निदान करणाऱ्यांनी जरा थांबा, इथेनॉलवर प्लगचं पांढरं चिनीमातीचं टोक तसंच स्वच्छ राहतं, पेट्रोलसारखा तांबूस रंग धरत नाही, लगेच 'लीन चालतीय', म्हणजे इंधन कमी पडतंय, असं म्हणू नका. पण त्यावर बारीक चमचमणारे ठिपके दिसले, ते पिस्टनचं अॅल्युमिनियम असतं, गाडी तिथंच उभी करायची.

बाकी फिलर गेज (गॅप मोजायची पट्टी), टॉर्क रेंच, पूर्ण सेट (छोट्या हत्तीला दोन, मारुतीच्या सुपर कॅरीला चार) आणि नवा फ्युएल फिल्टर जवळ ठेवा, इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून आणतं. इरिडियमची गॅप हातानं वाकवत बसू नका. थ्रेड आधी हातानंच बसवा, वॉशरवाला 14 एमएमचा प्लग असेल तर वॉशर टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा बास, हेड अॅल्युमिनियमचं आहे, पाईप घालून पाना ओढायचा नाही.