जावा १७ टाकलं, तरी सॉफ्टवेअर जावा ८ च्याच मागे लागलं

सदाशिव पेठेतल्या मामांच्या ऑफिसात जावावर (म्हणजे काही प्रोग्रॅम चालवायला संगणकात आधी टाकावं लागणारं सॉफ्टवेअर) चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि ते उघडेचना. काळी खिडकी लुकलुकायची आणि गायब. म्हणून कमांड प्रॉम्प्टमधूनच चालवलं, तेव्हा एरर वाचता आली: फाइल ६१.० ची, इथलं जावा ५२.० पर्यंतचंच ओळखतं. या आकड्यातून ४४ वजा करा, जावाची आवृत्ती मिळते. म्हणजे हवं १७, चालतंय ८.

पण १७ तर मी सकाळीच टाकलं होतं! 'व्हेअर जावा' ही कमांड दिल्यावर दोन ओळी आल्या, आणि पहिली जुन्या जावाची. विंडोज पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचा त्या यादीत, जे आधी सापडेल तेच उचलतं.

मामा म्हणाले, "अरे, जुनं काढून टाक ना." तेच नको होतं. डिजिटल सहीचं त्यांचं जुनं सॉफ्टवेअर ८ वरच चालतं, आणि रिटर्न भरायचे दिवस. म्हणून पाथला हात लावला नाही. नव्या सॉफ्टवेअरच्या बॅच फाइलमध्ये (ते सुरू करणाऱ्या कमांडच्या फाइलमध्ये) नुसतं 'जावा' होतं, तिथे १७ च्या बिन फोल्डरमधल्या जावाचा पूर्ण पत्ता दिला, अवतरणचिन्हांत, कारण 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये मोकळी जागा असते. आता दोन्ही शेजारी शेजारी चालतात.